रुसव्याचे टायर

ताट समोर आलं, तसं मी ते दोन बोटं पुढं सरकवलं आणि म्हणालो, "मी रुसलोय."

पंगतीतले हात थांबले. रुसायची ही रीत नव्हे, हे मला पुढं कळलं. जावयानं तोंडानं रुसायचं नसतं. घास हातात धरून आढ्याकडं बघत राहायचं. मग सासूनं "काय झालं?" विचारायचं, आपण "काही नाही" म्हणायचं. मग मेहुण्यानं बाजूला घेऊन खांद्यावर हात टाकायचा, समजूत काढायची, आणि त्या समजुतीच्या ओघात अंगठी, घड्याळ, मोटारसायकल असा विषय आपोआप निघायचा. पण या घरात मेहुणा नव्हता, आणि मी पडलो अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मागणी असेल तर ती स्पष्ट नोंदवावी, एवढंच मला शिकवता येत होतं.

"काय झालं, पाव्हणं?" बबनकाकांनी विचारलं. हे माझे चुलत सासरे. दुसऱ्याच्या घरात काही बिघडणार असेल तर ते आधी येऊन बसलेले असत. "आमटीत मीठ कमी हाय का?"

"मीठ बरोबर आहे. मला टायर पाहिजेत."

"टायर?"

"चार. आणि एक स्टेपनी. आपल्या ट्रॉलीला. उद्या ती जत्रेला जायच्या आत."

बबनकाकांचा घास तोंडाशीच राहिला. माझी बायको वैजयंता भात वाढत होती, तिनं अख्खी मूद जमिनीवर वाढली. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या आमटीची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि माजघरात गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला.

फक्त सासरे, दिनकरमामा, खाली मान घालून जेवत राहिले. उलट त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

आता हे सगळं सकाळी कसं सुरू झालं ते सांगतो.

गोष्ट दोन हजार तेरा सालच्या चैत्रातली. खानापूर तालुक्यातलं तांबवाडी हे माझं सासरगाव. गावाच्या पलीकडं खिंड आहे, खिंडीपलीकडं घाटाचा तीव्र उतार, आणि उताराच्या तळाशी घाटजाईचं ठाणं. जत्रेच्या सकाळी देवीचा चौरंग, नैवेद्याच्या पाट्या आणि गावातल्या चाळीसेक बायका एकाच ट्रॉलीत बसून हा घाट उतरतात. ती ट्रॉली जगदाळ्यांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. हा मान त्यांच्या वडिलांपासूनचा. एक वर्ष जरी ट्रॉली गेली नाही, तरी मान भाऊबंदांकडं जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. बबनकाकांनी आदल्याच वर्षी लालभडक रंगाची नवी ट्रॉली घेतली होती. जत्रेच्या आठवड्यात ते ती आमच्या बोळाच्या तोंडाशी उभी करत. सहज.

देवीची ट्रॉली म्हणून जगदाळ्यांच्या ट्रॉलीत कधी ऊस भरला गेला नाही, शेण नाही, वीट नाही. वर्षातून एकदा घाट उतरायचा आणि चढायचा, बाकी वर्षभर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभं राहायचं. अर्धी चाकं सावलीत, अर्धी उन्हात. दसऱ्याला मामी स्वतः चारही टायरांना काळा ऑइलपेंट लावायच्या, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढायच्या. त्यामुळं ते टायर कायम आताच दुकानातून आल्यासारखे चकाकत.

मी नवा जावई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, "पाव्हणं, ट्रॉली धुवू लागता का जरा? वरचं मी बघतो. चाकं तेवढी तुमी घ्या. माझी कंबर वाकत न्हाई."

त्यांनी बादली दिली, काथ्या दिला आणि बाटलीभर रॉकेलही दिलं. चाकं धुवायला रॉकेल कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण जावयाला सासरी पडलेले प्रश्न गिळायची सवय लागलेली असते.

रॉकेलनं रंग सुटायला लागला. नुसता सुटला नाही, खपल्या निघाल्या. एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. शेवटच्या खपलीखाली टायर होता, आणि टायरच्या अंगभर भेगा होत्या. बारीक नव्हेत. आटलेल्या तळ्यात पडतात तशा. बगलेवर चार आकडे वर आले. तीन, चार, शून्य, एक.

माझे वडील एसटीच्या आगारात टायरच्या कामावर होते. इतरांचे वडील मुलांना पाढे म्हणायला लावत, माझे मला रस्त्यावरच्या गाड्यांचे टायर वाचायला लावत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे हा टायर दोन हजार एक सालच्या चौतिसाव्या आठवड्यात जन्मला होता. बाकीच्या तिघांचे तेवढे आकडे खरवडून पाहिले, चारही सख्खी भावंडं निघाली.

"टायर चालून झिजतो ते दिसतं," वडील म्हणायचे. "उभा राहून मरतो ते दिसत नाही. सहा वर्षांनी त्याच्यावर संशय घ्यावा. दहा वर्षांनी त्याला नमस्कार करावा." गाडीपेक्षा ट्रॉलीच्या टायरबद्दल त्यांचं मत अधिकच वाईट होतं. ट्रॉली वर्षभर उभी राहते, आणि निघते तेव्हा एकदम पूर्ण भारानं निघते. वापर नाही म्हणून टायर वाचतो, ही समजूत फक्त माणसांची. रबराला ती कुणी सांगितलेली नसते.

मी आत जाऊन स्टेपनी पाहिली. ती माजघरात कणगीशेजारी उभी होती, गोधडीत गुंडाळलेली. गोधडी सारली तर टायर कोरा करकरीत. नव्या टायरला बारीक रबरी केस असतात, तेसुद्धा जसेच्या तसे. जमिनीला टेकलेलाच नव्हता तो. अंगठा दाबून कडेला जरा वाकवला, तर आतून केसाएवढी चीर उघडली आणि मिटली. आकडे तेच.

मी बाहेर येऊन मामांना म्हणालो, "मामा, टायर बदलायला पाहिजेत. बारा वर्षांचे झालेत."

"बदलायची?" मामा स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "नक्षी बघा की त्यांची! अख्खं बोट आत जातंय!"

"नक्षीचा प्रश्न नाही. रबर वाळलंय. उद्या चाळीस बायका बसणार, घाट, ऊन. उतारावर एक फुटला तर—"

"व्हय, व्हय." मामांनी आवाज खाली आणला आणि काथ्या माझ्या हातातून घेऊन पिळला. "सांगून कोण ऐकतंय, पाव्हणं. ह्या घरात सांगणाऱ्याला पाणी मिळतं आणि रुसणाऱ्याला सोनं."

मला वाटलं, म्हण सांगतायत.

इथं माझ्या दिवाळसणाबद्दल बोलणं भाग आहे. मी तत्त्वाचा माणूस होतो. कॉलेजच्या वार्षिक अंकात मानपान आणि रुसवेफुगवे या विषयावर माझा लेख होता आणि तो किमान दोघांनी वाचला होता, त्यातला एक मुद्रितशोधक. त्यामुळं पहिल्या दिवाळीला मामांनी "काय हवं-नको?" असं विचारलं तेव्हा मी "काही नको" म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी जवळजवळ विनवलं, "आवो, रुसा की जरा. रीत हाय." मी त्यांना समजावून सांगितलं की, मी त्यातला नव्हे. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आनंद लपवतायत.

"बरं," ते शेवटी म्हणाले होते. "मग तुमचा रुसवा आमच्याकडं शिल्लक राहिला म्हणायचा."

तर तो शिल्लक रुसवा मी चैत्रात, भर पंगतीत, खर्च केला.

ताटावरून उठून मी अंगणातल्या चिंचेखाली जाऊन बसलो. रुसलेल्या माणसानं नेमकं करायचं काय, हे मला माहीत नव्हतं. वर्तमानपत्र वाचलेलं चालतं की नाही, ही शंका होती. पहिले वकील म्हणून बबनकाका आले. दात कोरत शेजारी टेकले.

"माणसं मोटारसायकल मागत्यात, दागिनं मागत्यात. तुमी टायरं मागितली. आन् तीबी सासऱ्याच्याच गाडीला. शिकलेल्या माणसाचं येगळंच."

"काका, ते टायर धोक्याचे आहेत."

"मग एवढं सोपं हाय की." त्यांनी बोळाकडं बोट केलं. "माझी ट्रॉली उभीच हाय. नवीकोरी. दिनकरदादाला म्हणावं, औंदा बबनची काढू. बायका सुखरूप, तुमचा रुसवा मिटला, टायरांचा खर्च वाचला."

खरं सांगायचं तर हिशेब बरोबर होता. अर्थशास्त्राच्या कुठल्याही पेपरात मी त्यांना पूर्ण गुण दिले असते. चाळीस बायकांमध्ये मामी होत्या, वैजयंता होती. त्या कुणाच्या ट्रॉलीतून घाट उतरतात, याच्याशी मला काय करायचं होतं?

"विचार करतो," मी म्हणालो. काका समाधानानं उठले आणि जाता जाता आपल्या ट्रॉलीची धूळ पंच्यानं झटकून गेले.

मग वैजयंता आली. ती शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"झालं समाधान? आई कणगीपाशी बसलीय. त्या स्टेपनीवर हात ठेवून. जेवली नाही, बोलत नाही."

"वैजू, मी सोनं मागितलं असतं तर?"

"बरं झालं असतं! सोनं कुठून तरी आणलं असतं. तुम्हाला माहितीय, ते टायर कुणी आणलेत?"

मला माहीत नव्हतं. ती सांगायला लागली आणि मध्येच खाली बसली.

तिला संताजी नावाचा भाऊ होता आणि तो तरुणपणी काविळीनं गेला, एवढं मला ठाऊक होतं. फोटोत हार घातलेला मिशीचा मुलगा. तो कुंडलला कारखान्यावर लागला होता. पहिल्या चैत्रात तो टेम्पोतून पाच टायर घेऊन आला. जुने टायर गुळगुळीत झाले होते, मामी दरवर्षी घाटात देवीचं नाव घेत डोळे मिटून बसायच्या. संताजीनं स्वतः खाली वाकून चाकं बसवली, हात पुसले आणि म्हणाला, "घे आई. आता धा वर्षं बघायला नको."

त्या वर्षी पावसाळ्यात तो गेला.

"बाबांनी दोनदा विषय काढला टायर बदलायचा," वैजयंता म्हणाली. "पहिल्यांदा आई चार दिवस जेवली नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, टायर काढायचे तर आधी मला काढा. त्यानंतर कुणी बोललं नाही. आणि तुम्ही पंगतीत, सगळ्यांसमोर..." तिनं पदरानं नाक पुसलं. "उठा. म्हणावं चेष्टा केली. चला, जेवा."

मी गोठ्याकडं पाहिलं. पत्र्याखाली ट्रॉली उभी होती. तीन चाकं चकाकत होती. धुतलेलं चौथं एखाद्या म्हाताऱ्या हत्तिणीच्या पायासारखं दिसत होतं.

"काय म्हणाला होता संताजी?" मी विचारलं.

"सांगितलं की. आता धा वर्षं बघायला नको."

"मग मी उठत नाही."

"अहो!"

"तू बस उद्या काकांच्या ट्रॉलीत, आईंनाही बसव. नाही तर टायर येऊ देत. पण त्या टायरांवर तुम्ही घाट उतरायचा नाही. मी इथंच बसतो. आईंना सांग, जावई उपाशी आहे."

हे शेवटचं वाक्य म्हणताना मला माझ्या लेखातली काही वाक्यं आठवली. मी ती विसरलो.

ऊन कलायला लागलं तशा मामी स्वतः आल्या. हातात ताट. सासूनं जावयाचं ताट चिंचेखाली आणून ठेवावं, हे गावात अजून कुणाच्या नशिबी आलं नव्हतं. त्यांनी ताट माझ्यापुढं ठेवलं आणि मातीतच बसल्या.

"जेवा."

"मामी, मी—"

"वैजीनं सांगितलं मला. तुमाला ठावं नव्हतं." त्यांनी ताटावरची माशी हाकलली. "किती दिसाची झाली म्हणता ती?"

"बारा वर्षं होतील."

"आमचा संता आजून तेवीसचाच हाय." त्या ट्रॉलीकडं बघत होत्या. "दरसाली माझं वय वाढतं, ह्यांचं वाढतं, वैजीचं लगीन झालं. त्येचं तेवढं वाढत न्हाई. मला वाटलं, टायरंबी तशीच राहतील. चालली कुठं ती? वरसातनं एकदा देवीला जाऊन येत्यात. स्टेपनी तर जमिनीला टेकलीबी न्हाई."

वडील सांगायचे ते रबराबद्दल होतं. इथं ते कसं लावायचं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

मामी उठल्या आणि ट्रॉलीकडं गेल्या. मी मागं गेलो. धुतलेल्या चाकापाशी त्या वाकल्या आणि भेगांवरून अंगठा फिरवला. मग लुगड्याचा काठ जरा वर करून आपली टाच पाहिली.

"सारखंच झालंय की," त्या म्हणाल्या.

"मामी, तो म्हणाला होता ना, धा वर्षं बघायला नको?"

त्यांनी मान हलवली.

"मग तुम्ही नाही बघितलं. त्याचा शब्द पाळला. पण दहा झाली. दहाच्या पुढचं तो काहीच बोलला नव्हता."

त्या तशाच वाकून राहिल्या. गोठ्यात म्हशीनं साखळी वाजवली. मग त्या हळू आवाजात, मला नव्हे, चाकालाच सांगावं तसं म्हणाल्या, "मला दिसत हुत्या भेगा. आंधळी न्हाई मी. दसऱ्याला रंग दरसाली जरा जास्तीच लागायचा. पयल्यांदा एका डब्यात चारी व्हायची. गेल्या साली दोन डबं लागलं."

त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, डोळे पुसले, आणि एकदम सासूच्या आवाजात ओरडल्या, "आवो! ऐकलं का? पाव्हणं उपाशी हायती सकाळधरनं! जावा, टायरं घिऊन या इट्यास्नं! घरची अब्रू घालवता का?"

मामा दारातच उभे होते. चपला घातलेल्या, टोपी डोक्यावर, टेम्पोवाल्याला निरोप गेलेला. ते तसेच निघाले.

मेहुण्यानं करायचं असतं ते काम अखेर मेहुण्यानंच केलं.

विटा म्हणजे तालुक्याचं गाव, काही जवळ नाही. दुकान शोधायचं, माप बघायचं, घासाघीस करायची, म्हणजे दिवे लागायच्या आत माणूस परत यायचा नाही, असा माझा अंदाज. मी ताटातलं जेवून जरा आडवा होतोय तोवर टेम्पो बोळात शिरला. वाटेत बबनकाकांची ट्रॉली होती. ती मागं घ्यायला त्यांनाच यावं लागलं.

टेम्पोत पाच टायर होते. कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले, आणि प्रत्येकावर खडूनं ‘जगदाळे, तांबवाडी’ लिहिलेलं. खडू पुसट झाला होता. मी नाव वाचलं, मग मामांकडं पाहिलं.

"एवढ्यात मिळाले?"

मामांनी आधी स्वयंपाकघराकडं नजर टाकली. मग टेम्पोची फळी पाडायचं निमित्त करून माझ्याजवळ आले.

"दिवाळीपास्नं बांधून ठेवलीत दुकानात," ते कुजबुजले. "तुमच्या वडलांनी लग्नातच सांगितलं हुतं मला. मांडवातनं उठून ट्रॉली बघायला गेलं हुतं ते, ठावं हाय? म्हणालं, व्याही, ही चाकं बदला. म्या म्हटलं, माझं चालत न्हाई. मग म्हटलं, दिवाळसणाला जावई रुसंल, तवा टायरं काढू. जावयाचा रुसवा ती मोडणार न्हाई." त्यांनी एक टायर माझ्या अंगावर ढकलला. "आन् तुमी रुसलाच न्हाई! तीन डाव इचारलं! सा म्हैनं झोप न्हाई मला, पाव्हणं. शेवटी बादली दिली हातात."

"आणि रॉकेल," मी म्हणालो.

"आन् रॉकेल."

पंक्चरवाल्यानं पहिलं चाक उतरवलं. टायर रिमवरून सोडवताना त्याची कड शिळ्या भाकरीसारखी तुटून पहारीबरोबर वर आली. त्यानं ती सगळ्यांना दाखवली. जमलेल्या बायकांत कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. मामींनी तो तुकडा मागून घेतला, हातात वळवून बघितला आणि परत दिला.

चार झाल्यावर प्रश्न आला स्टेपनीचा. मामी माजघराच्या दारात आडव्या उभ्या होत्या.

"ही ऱ्हाऊ द्या. ही कुणी वापरलीय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. रुसणारा मी होतो, तेव्हा कुठवर रुसायचं हेही माझ्यावरच होतं. मला सोपं उत्तर देता आलं असतं. पण घाटात एक टायर गेला, तर त्याच्या जागी लागणारी स्टेपनीच असते, आणि ती सगळ्यांत नवी दिसते म्हणून सगळ्यांत जास्त विश्वासाची.

"मामी, ती घरात राहू दे. जन्मभर राहू दे," मी म्हणालो. "फक्त गाडीला लावायची नाही. तिला आता चालवायचं नाही."

त्यांनी थोडा विचार केला.

"आन् गोधडी?"

"गोधडीही राहू दे."

त्या दारातून बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली घाट उतरली. सांगण्यासारखं काही घडलं नाही. सुरक्षित प्रवासाची हीच अडचण आहे, त्यात गोष्ट नसते. चाळीस बायका देवीची गाणी म्हणत खाली गेल्या, मामी चौरंगाला धरून डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या, आणि बबनकाका आपली रिकामी लाल ट्रॉली घेऊन घाटभर मागं मागं आले. सहज. मला देवीपुढं नारळ फोडायचा मान मिळाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "टायरवालं पाव्हणं हेच का वो?" ते नाव मला आजतागायत चिकटलेलं आहे. कॉलेजात माझ्यावर पीएच.डी.चं ओझं आहे, तांबवाडीत टायरचं.

मामा जाऊन आता तीन वर्षं झाली. बबनकाकांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो, पण ट्रॉली मामांचीच जाते. मामी पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत आणि दसऱ्याला टायर अजून स्वतः रंगवतात. माझे टायर. त्यांना सहा वर्षं झाली तेव्हा मी संशय घेतला. दहा झाली तेव्हा सरळ विषय काढला. मामींनी हात झटकला.

"जावयाच्या रुसव्याची टायरं हायती ती. त्यांना कुणी हात लावायचा न्हाई."

"पण मामी, जावई मीच आहे आणि मीच म्हणतोय."

"तुमी म्हणाल. तुमचं काय जातंय."

सांगणाऱ्याला त्या घरात अजून पाणीच मिळतं. वैजयंताला म्हणालो, चाळिशी उलटलेल्या माणसानं आता पुन्हा रुसायचं काय? ती म्हणाली, "मला विचारू नका. मागच्या वेळी मूद मी सांडली होती."

परवा मामींचा फोन आला. त्या फोनवर फार बोलत नाहीत, फोनला पैसे पडतात असं त्यांना अजून वाटतं.

"दसऱ्याला येताय न्हवं, जावईबापू?"

"बघतो मामी. परीक्षेचं काम आहे जरा."

"या." पण त्यांनी फोन ठेवला नाही. "रंग औंदा लई लागंल."

मी खुर्चीत सरळ बसलो.

"येतो," मी म्हणालो.

"जेवायला काय करू?"

"पुरणपोळी करा."

"करते," मामी म्हणाल्या. "पण लगीच खाऊ नका."